तालुक्याच्या रुग्णालयातून संशोधन: पहिल्या रजिस्टरपासून पहिल्या निष्कर्षापर्यंत

१९८२ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात लाल विंचवाच्या दंशावर एक लेख आला. तो लिहिणारे डॉ. हिंमतराव बावस्कर रायगड जिल्ह्यात, महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काम केलेले. कोकणात विंचू चावून माणसं मरतात हे सगळ्यांना माहीत होतं. ती नेमकी कशाने मरतात, हे त्यांनी रुग्णाच्या उशाशी बसून टिपलं: उलटी, दरदरून घाम, गार पडलेले हातपाय, वाढलेला रक्तदाब आणि मग फुफ्फुसात भरणारं पाणी. विषामुळे शरीरातली संप्रेरकं एकदम उसळतात आणि हृदय कोलमडतं, असा त्याचा अर्थ निघाला. मग रक्तदाबावरची प्राझोसिन ही स्वस्त गोळी वापरून पाहिली गेली आणि मृत्यूंचं प्रमाण झपाट्याने खाली आलं. पुढे महाडमध्येच ७० रुग्णांवर विंचवाचं प्रतिविष अधिक प्राझोसिन आणि नुसतं प्राझोसिन अशी तुलना झाली. ती चाचणी २०११ मध्ये ‘बीएमजे’ने छापली.

हा लेख अशाच ठिकाणी काम करणाऱ्यांसाठी आहे: ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांतले डॉक्टर, ट्रस्टची लहान रुग्णालयं, नंदुरबार, धाराशिव, सिंधुदुर्ग, गडचिरोली इथल्या नव्या वैद्यकीय महाविद्यालयांतले शिक्षक आणि आरोग्यावर काम करणाऱ्या संस्था. माझं म्हणणं एवढंच की संशोधनाची ताकद उभी राहते ती सलग नोंदींवर आणि टिकून राहिलेल्या स्थानिक माणसांवर. यंत्र आणि इमारत त्यांच्या मागून येते. हा क्रम उलटा केला की काय होतं, हे अनेक जिल्ह्यांत दिसतं. जंतूंची जनुकं ओळखणारं पीसीआर यंत्र आहे, त्याला लागणाऱ्या रसायनांना (रिएजंटला) पैसे नाहीत, चालवणारा तंत्रज्ञ दुसरीकडे गेलेला आणि यंत्राला लावण्याजोगा प्रश्न कुणाकडेच नाही.

पहिली पायरी: एक आजार, एक रजिस्टर

सुरुवातीला अनुदान शोधू नका. आपल्याकडे दर आठवड्याला येणारा एक आजार निवडा. त्याच्या उपचाराबद्दल किंवा कारणाबद्दल तुमच्या मनात खरी शंका हवी. सर्पदंश, फवारणीतून झालेली विषबाधा, सिकलसेलचे रुग्ण, कमी वजनाची बाळं, कारण न सापडलेला मूत्रपिंडाचा आजार, असं काहीही चालेल.

फवारणीचंच उदाहरण घेऊ. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकाच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो रुग्णालयात दाखल झाले. त्यानंतर चर्चा झाली ती कोणती औषधं एकत्र कालवली होती, पंप कोणता होता, कपाशी किती उंच वाढली होती, मास्क होता का, यावर. या प्रश्नांची उत्तरं केसपेपरवर नसतात. तिथे ‘ओपी पॉयझनिंग’ (ऑर्गॅनोफॉस्फरस कीटकनाशकाची विषबाधा) एवढंच लिहिलेलं असतं. म्हणून वेगळा एकपानी तक्ता लागतो. त्यात वय, लिंग, गाव, पीक, कीटकनाशकाचं डब्यावरचं नाव (शक्य असेल तर डब्याचा फोटो), मिश्रण केलं होतं का, पंपाचा प्रकार, किती तास फवारणी, पहिलं लक्षण कधी, रुग्णालयात कधी पोचले, आल्यावर शुद्धीची पातळी, त्यावरचं औषध अॅट्रोपिन किती लागलं, व्हेंटिलेटर लागला का आणि शेवटी काय झालं, एवढं असावं. पंधराएक रकाने पुरे. चाळीस रकान्यांचा तक्ता दुसऱ्या आठवड्यात कोणी भरत नाही.

तक्त्याबरोबर दोन पानांची व्याख्यापुस्तिका लिहा. ‘उशिरा आला’ म्हणजे किती तासांनी? वेळ मोजायची ती फवारणी संपल्यापासून की पहिली उलटी झाल्यापासून? रात्रपाळीचा इंटर्न आणि सकाळचा मेडिकल ऑफिसर यांनी एकाच रुग्णासाठी एकच उत्तर लिहिलं पाहिजे. ‘नाही’, ‘माहीत नाही’ आणि ‘विचारलं नाही’ या तीन गोष्टींना तीन वेगळे कोड द्या. रिकामा रकाना यांपैकी कशाचा, हे सहा महिन्यांनी कोणालाच सांगता येत नाही आणि अशा रिकाम्या जागांमुळे चांगली चांगली रजिस्टरं वाया गेली आहेत.

रजिस्टर भरायचं ते त्याच दिवशी. दर शनिवारी पाच तक्ते चिठ्ठी टाकून काढा आणि केसपेपरशी ताडून पाहा. तीन महिन्यांनी कोणता रकाना दहापैकी एकाहून जास्त वेळा रिकामा राहतो ते बघा. तो नीट भरण्याची सोय करा, नाहीतर काढून टाका.

सगळ्यात दुर्लक्षित रकाना शेवटचा असतो. तुम्ही नागपूरला, पुण्याला किंवा मुंबईला पाठवलेल्या रुग्णाचं पुढे काय झालं? गंभीर रुग्णच पुढे जातात, त्यामुळे त्यांचा पत्ता लागला नाही तर तुमच्या रजिस्टरमधला मृत्युदर खोटाच कमी दिसतो. दाखल करतानाच नातेवाइकांचे दोन फोन नंबर आणि आशाताईंचं नाव लिहून घ्या आणि तिसाव्या दिवशी फोन करा. हे काम एका ठरावीक माणसाच्या नावावर असलं पाहिजे.

दुसरी पायरी: छेदात कोण, ते ठरवणं

रुग्णालयाच्या रजिस्टरमधून रुग्ण कसे आहेत ते कळतं. आजार समाजात किती आहे हे त्यातून कळत नाही, कारण न आलेले रुग्ण त्यात नसतात आणि एकूण किती लोकांतले हे रुग्ण, म्हणजे भागाकारातला छेद, ठाऊक नसतो. ही अडचण महाराष्ट्रातच फार चांगल्या रीतीने सोडवली गेली आहे.

बार्शीच्या नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलात १९८७ मध्ये भारतातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. शहरातली नोंदणी रुग्णालयं आणि पॅथॉलॉजी लॅब यांच्याकडून माहिती गोळा करते. बार्शी, परांडा, भूम या पट्ट्यातल्या खेड्यांत तसं करून चाललं नसतं, कारण अनेक रुग्ण डॉक्टरपर्यंत पोचतच नव्हते. म्हणून नोंदणीचे कर्मचारी स्वतः गावोगाव जाऊ लागले. ते ठरावीक काळाने त्याच गावात परत जात, लोकांशी बोलत, कर्करोगाची लक्षणं समजावत, संशयित रुग्णाला तपासणीसाठी बार्शीला आणत. नोंद आणि सेवा एकाच फेरीत होत गेली.

पुढे त्याच पायावर तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीची चाचणी झाली. तीत ५२ गटांमधल्या १,३१,७४६ स्त्रिया होत्या. एकदाच केलेल्या एचपीव्ही (हा कर्करोग घडवणारा विषाणू) तपासणीने या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर येतात, असं २००९ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ने छापलं. एवढी मोठी चाचणी त्या भागात पेलली गेली याचं एक मोठं कारण मला दिसतं ते असं की मृत्यू आणि रुग्ण मोजणारी यंत्रणा तिथे दशकभर आधीपासून काम करत होती.

तुमच्यासाठी याचा अर्थ असा. रुग्णालयाभोवतालची चार-सहा गावं किंवा पाडे निवडा, पाच ते दहा हजार लोकसंख्येचे. घरटी शिरगणती करा, प्रत्येक घराला आणि माणसाला कायमचा क्रमांक द्या. वर्षातून दोनदा फेरी मारून जन्म, मृत्यू, लग्नामुळे किंवा कामासाठी आलेले-गेलेले टिपा. मृत्यूचा दाखला नसेल तिथे घरच्यांशी बोलून कारण ठरवण्याची पद्धत आहे. जागतिक आरोग्य संघटनेची तयार प्रश्नावली त्यासाठी वापरता येते. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्राने शिरूर तालुक्यातल्या वढू बुद्रुक परिसरात २००२ पासून २२ गावांत अशी नोंद चालवली आहे.

लहान सुरुवातीला कमी लेखू नका. पुण्याजवळच्या अवघ्या सहा गावांत १९९३ मध्ये डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गर्भवतींच्या पोषणाचा अभ्यास सुरू केला. कार्यकर्त्या दर महिन्याला घरोघरी जाऊन पाळीची तारीख विचारायच्या, म्हणून गर्भ राहिल्याचं लवकर कळायचं. जन्मलेली बाळं वजनाला कमी, पण त्यांच्या अंगात चरबी तुलनेने जास्त, हे त्यातून दिसलं. पुढे ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता आणि मुलांमधला मधुमेहाचा धोका यांचा धागाही याच गावांतून हाती आला. ती मुलं मोठी होईपर्यंत त्यांचा पाठपुरावा झाला. सहा गावांना इतकी वर्षं धरून राहणं कठीण असतं, आणि या अभ्यासाची खरी किंमत त्यातच आहे.

स्थलांतराचा विचार आधीच करा. बीड, अहिल्यानगरच्या ऊसतोड टोळ्या दिवाळीच्या आगेमागे निघतात आणि उन्हाळ्यात परततात. नंदुरबारचे लोक गुजरातकडे जातात. पाठपुराव्याची भेट जानेवारीत ठेवली तर निम्मी घरं कुलूपबंद सापडतील आणि गरिबांतले गरीबच अभ्यासातून गळतील. भेटी जून ते सप्टेंबरमध्ये बसवा, किंवा मुकादमाकडून कारखान्याचा पत्ता घेऊन तिथपर्यंत जायची तरतूद करा.

तिसरी पायरी: प्रश्न धारदार करणं

१९८९ च्या जानेवारीत ‘लॅन्सेट’मध्ये डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांचा गडचिरोलीतल्या दोन गावांचा अभ्यास आला. ६५० स्त्रियांची तपासणी झाली, त्यांतल्या ९२ टक्के स्त्रियांना एक ना एक स्त्रीरोग निघाला आणि आधी कधी तपासणी झालेली स्त्री दहांत एकही नव्हती. त्या काळी स्त्रियांचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन, असं आरोग्यखात्याचं समीकरण होतं. बाकीचे आजार कोणी विचारतच नव्हतं. प्रश्न साधा होता: गावातल्या सगळ्या बायकांना तपासलं तर काय निघेल?

तुमचा प्रश्न एका वाक्यात मावला पाहिजे: कोणत्या लोकांत, काय केलं किंवा काय असलं, तर कशाच्या तुलनेत, काय बदलतं. ‘आदिवासींमधील कुपोषणाचा अभ्यास’ हा प्रश्न नव्हे, तो विषय झाला. ‘धडगाव तालुक्यात सहा महिन्यांपर्यंत निव्वळ स्तनपान केलेल्या बाळांचं एक वर्षाचं वजन, न केलेल्यांपेक्षा किती वेगळं?’ असा प्रश्न असला तर त्याचं उत्तर मिळू शकतं.

मग तीन चाळण्या लावा. याचं उत्तर आधी कोणी दिलंय का, हे पबमेडवर शोधा. पबमेड फुकट आहे आणि पूर्ण लेखांसाठी सरकारी महाविद्यालयांना २०२५ पासून ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेतून हजारो नियतकालिकं खुली आहेत. दुसरी चाळणी: उत्तर मिळालं तर तुमच्याच ओपीडीत सोमवारी काय बदलेल? तिसरी: गावातल्या लोकांना हा प्रश्न महत्त्वाचा वाटतो का? ग्रामसभेत, अंगणवाडीत, बचतगटाच्या बैठकीत जाऊन ऐका. डॉक्टरांच्या यादीत वर असलेला आजार त्यांच्या यादीत नसतोही. कंबरदुखी, पांढरं जाणं, खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) अशा गोष्टी त्यांच्या यादीत वर असतात आणि संशोधकांच्या यादीत येतच नाहीत.

नमुना किती, हा प्रश्न प्रत्येकाला अडतो. प्रमाण मोजायचं असेल तर पीएसएमच्या (सामाजिक वैद्यकशास्त्राच्या) प्रत्येक विद्यार्थ्याने पाठ केलेलं सूत्र पुरतं: चार गुणिले अपेक्षित प्रमाण, गुणिले शंभरातून ते वजा करून उरलेला आकडा, भागिले चालणाऱ्या चुकीचा वर्ग. निम्म्या गर्भवतींना रक्तक्षय असेल असा अंदाज आणि दोन्ही बाजूंना ५ टक्क्यांची चूक चालणार असेल, तर ४ × ५० × ५० ÷ २५ म्हणजे ४००. गावं किंवा पाडे चिठ्ठीने निवडून त्यांतल्या स्त्रिया घेणार असाल, तर एका पाड्यातल्या बायका एकमेकींसारख्या असतात म्हणून हा आकडा साधारण दुप्पट करतात. दोन उपचारांची तुलना असेल तर मात्र स्वतः गणित करू नका. त्यासाठी संख्याशास्त्रज्ञ लागतो आणि तो अभ्यास सुरू होण्याआधी लागतो. माहिती गोळा झाल्यावर त्याच्याकडे गेलात तर तो फक्त काय चुकलं ते सांगू शकतो.

चौथी पायरी: माणसं

मी सगळ्यात जास्त वेळ आणि पैसा इथे घालायला सांगेन.

गडचिरोलीत बंग दांपत्याच्या ‘सर्च’ या संस्थेने नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घेण्याचा जो प्रयोग केला, त्यात ३९ गावांत ही सेवा दिली आणि ४७ गावं तुलनेसाठी ठेवली. काम करणाऱ्या बायका त्याच गावातल्या, पाचवी ते दहावी शिकलेल्या. बाळाचं वजन, तापमान, श्वास मोजणं, जंतुसंसर्ग ओळखणं आणि गरज पडली तर जेंटामायसिनचं इंजेक्शन देणं, हे सगळं त्या शिकल्या. १९९३ ते १९९५ या काळात त्या गावांत हजारी ६२ नवजात बाळं दगावत होती. तिसऱ्या वर्षी हा आकडा २५ च्या आसपास आला. १९९९ मध्ये हे ‘लॅन्सेट’मध्ये छापलं गेलं आणि २०११ पासून देशभरच्या आशाताई नवजात बाळांच्या घरभेटी करू लागल्या. ज्या दायांना मोठी मोजणी जमत नव्हती त्यांच्यासाठी मणी सरकवून श्वास मोजायचं साधन तिथे बनवलं गेलं. प्रशिक्षण असं लागतं: समोरच्या माणसाला काय येतं तिथून सुरू होणारं.

लहान केंद्रासाठी सुरुवातीचा गट असा असावा: एक डॉक्टर ज्याला आठवड्यातले निदान दीड दिवस संशोधनासाठी लेखी स्वरूपात मोकळे दिलेले आहेत, एक पूर्णवेळ समन्वयक (सामाजिक कार्य, नर्सिंग किंवा विज्ञान शाखेची पदवी पुरे), गावातल्या दोन ते चार स्त्री कार्यकर्त्या, एक डेटा बघणारा माणूस आणि महिन्यातून एकदा येणारा किंवा ऑनलाइन भेटणारा संख्याशास्त्रज्ञ. डॉक्टरच्या ‘लेखी’ वेळेवर अडून बसा. ओपीडी संपल्यावर संशोधन करायचं ठरवलं तर पावसाळ्यात डेंग्यूचे रुग्ण वाढले की ते पहिलं बंद पडतं.

कार्यकर्त्यांना मानधन वेळेवर, प्रवासखर्च वेगळा आणि ओळखपत्र. आशाताईंवर संशोधनाचं काम फुकटात लादू नका. त्यांच्याकडे आधीच डझनभर रजिस्टरं आहेत, आणि जास्तीच्या कामाचा मोबदला नसेल तर माहिती घरबसल्या भरली जाते. त्यात दोष त्यांचा नसतो. पर्यवेक्षकाने दर शंभरातल्या पाच-दहा घरी पुन्हा जाऊन तेच चार प्रश्न विचारावेत. उत्तरं जुळली नाहीत तर आधी प्रश्नाची भाषा तपासा, मग माणूस.

शिकण्यासाठी आता बरंच काही हाताशी आहे. चेन्नईच्या राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्थेचा ‘बेसिक कोर्स इन बायोमेडिकल रिसर्च’ ऑनलाइन करता येतो. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना तो करावाच लागतो, पण समन्वयकालाही करायला लावा. एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांसाठी आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) दोन महिन्यांची विद्यार्थी शिष्यवृत्ती १९७९ पासून आहे. तुमच्या रजिस्टरमधला एक छोटा प्रश्न दरवर्षी दोन विद्यार्थ्यांना द्या. आणि महिन्यातून एका ठरलेल्या दिवशी एक तास सगळ्यांनी मिळून एक शोधनिबंध वाचा, कार्यकर्त्यांसहित, मराठीत समजावून. त्यांना विचारा की हा अभ्यास आपल्या गावात केला असता तर काय अडलं असतं. त्यांच्याकडून मिळणारी टीका अनेकदा परीक्षकांच्या टीकेहून नेमकी असते.

पाचवी पायरी: आचारसमिती आणि संमती

माणसांवरच्या कोणत्याही अभ्यासाला आचारसमितीची, म्हणजे अभ्यास नैतिक आहे का हे तपासणाऱ्या समितीची, मंजुरी आधी लागते, माहिती गोळा झाल्यावर ती घेता येत नाही. आयसीएमआरची २०१७ ची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं मराठी माध्यमात शिकलेल्या माणसालाही समजतील इतकी स्पष्ट आहेत, ती पूर्ण वाचा. २०१९ च्या नियमांनंतर औषधांच्या चाचण्या पाहणाऱ्या समितीला केंद्रीय औषध नियंत्रकांकडे आणि इतर आरोग्य संशोधन पाहणाऱ्या समितीला केंद्राच्या आरोग्य संशोधन विभागाकडे नोंदणी करावी लागते.

समितीत किमान सात जण, अध्यक्ष संस्थेबाहेरचा, सचिव संस्थेतला, निम्मे सदस्य बाहेरचे. डॉक्टरांबरोबर कायदा जाणणारा, समाजशास्त्र जाणणारा आणि एक सामान्य नागरिक हवा. स्त्री सदस्य हवी. निर्णयाच्या बैठकीला निदान पाच जण हजर लागतात. सामान्य नागरिक म्हणून निवृत्त मुख्याध्यापिका किंवा माजी सरपंच घ्या, पण त्यांना दोन दिवसांचं प्रशिक्षण द्या, नाहीतर त्या डॉक्टरांपुढे गप्प बसतील. लहान रुग्णालयाला स्वतःची समिती पेलत नसेल तर जवळच्या महाविद्यालयाच्या नोंदणीकृत समितीशी लेखी करार करा. औषधाची चाचणी असेल तर ती समिती त्याच शहरातली किंवा ५० किलोमीटरच्या आतली लागते.

प्रत्येक अभ्यास पूर्ण बैठकीसमोर जात नाही. नावं काढलेल्या जुन्या नोंदींसारख्या कमी जोखमीच्या कामाला सवलत किंवा जलद तपासणी मिळू शकते, मात्र ते ठरवायचं समितीनेच.

धाराशिवच्या ज्या चाचणीचं वर लिहिलं, तिच्यावर पुढे नैतिक टीकाही झाली. तुलनेच्या गटातल्या स्त्रियांना तपासणी मिळाली नव्हती. चाचणी करणाऱ्यांचं म्हणणं होतं की त्या भागात तेव्हा तशी सेवाच उपलब्ध नव्हती, टीकाकारांचं म्हणणं होतं की उपयोगी तपासणी माहीत असताना ती न देणं योग्य नाही. मला ही टीका गंभीर वाटते, आणि त्या चाचणीने पुढे लाखो स्त्रियांच्या उपयोगी पडेल असं ज्ञान दिलं हेही खरं आहे. तुमच्या समितीने प्रत्येक प्रस्तावाला दोन प्रश्न विचारावेत: तुलनेच्या गटातल्या माणसांना काय मिळणार? आणि अभ्यास संपल्यावर त्या गावाला काय मिळणार?

संमतीचं पत्रक दोन पानांचं, रोजच्या मराठीत. गोंडी, माडिया, पावरी, कोरकू बोलणाऱ्यांसाठी त्यांच्या भाषेत तोंडी समजावण्याची संहिता आधी तयार करून त्याच भाषेच्या माणसाकडून तपासून घ्या. वाचता न येणाऱ्याच्या बाबतीत संशोधनाशी संबंध नसलेला साक्षीदार बसवा. समजावल्यावर तीन प्रश्न विचारा: आम्ही काय करणार, नाही म्हटलं तर तुमच्या उपचारात फरक पडेल का, मधेच सोडता येईल का. उत्तरं आली नाहीत तर अंगठा घेऊ नका. स्वतःच्या डॉक्टरला नाही म्हणणं रुग्णाला अवघड जातं, म्हणून उपचार करणाऱ्या डॉक्टरने संमती घेऊ नये.

उपचाराची चाचणी असेल तर पहिला माणूस घेण्याआधी भारतीय क्लिनिकल ट्रायल रजिस्ट्रीवर नोंद करा. ती २००७ पासून आहे आणि विनामूल्य आहे.

सहावी पायरी: प्रयोगशाळा, जेवढी लागेल तेवढीच

आधी प्रश्न, मग चाचणी, मग यंत्र. सिकलसेलचं सर्वेक्षण करायचं तर गावात सोल्युबिलिटी चाचणी पुरते. पण त्यातून वाहक आणि रुग्ण वेगळे ओळखता येत नाहीत, सहा महिन्यांच्या आतल्या बाळांत ती फसते आणि तीव्र रक्तक्षयातही चुकते. म्हणून पॉझिटिव्ह नमुन्यांची खात्री इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करणाऱ्या चाचण्यांनी करावी लागते. ते यंत्र तुमच्याकडेच हवं असं नाही, जिल्ह्याच्या ठिकाणी नमुने पाठवण्याची पक्की व्यवस्था असली की झालं. नुकतंच रक्त चढवलेल्याचा नमुना घेऊ नका, अहवाल दिशाभूल करतो.

विजेचा प्रश्न लेखी मांडा. उणे ८० अंशांचा फ्रीझर घ्यायचा तर स्टॅबिलायझर, जनरेटर, तापमानाची दिवसातून दोनदा नोंद आणि रात्री अलार्म वाजला तर कोण येणार त्याचं नाव, हे सगळं फ्रीझरच्या आधी ठरवा. घरगुती फ्रॉस्ट-फ्री फ्रीझर नमुने साठवायला वापरू नका. बर्फ साचू नये म्हणून तो आतून मधूनमधून गरम होतो आणि नमुने पुन्हा पुन्हा वितळतात. प्रत्येक नमुन्याचे दोन-तीन छोटे भाग करून वेगवेगळ्या डब्यांत ठेवा. लेबल ओल्या हाताने पुसलं जाणार नाही असं हवं.

दर्जासाठी रोजचं अंतर्गत नियंत्रण आणि बाहेरची तुलना, दोन्ही हवं. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या बाह्य गुणवत्ता योजनेत तालुक्याची लॅबही भाग घेऊ शकते. एनएबीएलची (प्रयोगशाळांचा दर्जा प्रमाणित करणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची) मान्यता हे दोन-तीन वर्षांनंतरचं उद्दिष्ट ठेवा.

डेटा

फोनवर ऑफलाइन भरता येणारं ओडीके किंवा कोबो टूलबॉक्स गावातल्या सर्वेक्षणाला उत्तम. रुग्णालयाच्या पाठपुराव्याला रेडकॅप, ते ना-नफा संस्थांना फी न घेता मिळतं पण स्वतःचा सर्व्हर लागतो. एक्सेलवर काम करायचंच असेल तर मूळ फाइल कुलूपबंद ठेवा आणि केलेला प्रत्येक बदल तारखेसह वेगळा लिहा. नावं आणि फोन नंबर एका फाइलमध्ये, आजाराची माहिती दुसऱ्या, मधे फक्त क्रमांक. व्हॉट्सअॅप ग्रुपवर रुग्णाचे फोटो आणि अहवाल फिरवण्याची सवय पहिल्याच दिवशी मोडा.

पैसा आणि भागीदार

पहिल्या वर्षाचं रजिस्टर आणि शिरगणती संस्थेच्या स्वतःच्या पैशातून करा. तेवढं करता येतं. त्या आकड्यांच्या जोरावर आयसीएमआरचं लहान अनुदान मागा, सरकारी महाविद्यालयात असाल तर आरोग्य संशोधन विभागाच्या बहुशाखीय संशोधन युनिटची योजना पाहा. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडेही विचारणा करा. ग्रामीण युनिट प्रत्यक्ष कसं चालतं ते बघायला डहाणूला जा, तिथलं मॉडेल रूरल हेल्थ रिसर्च युनिट मुंबईच्या राष्ट्रीय प्रजनन व बाल आरोग्य संशोधन संस्थेच्या मार्गदर्शनाखाली काम करतं. अंदाजपत्रकात लोक विसरतात त्या बाबी: संख्याशास्त्रज्ञाचं मानधन, संशोधनामुळे इजा झाली तर उपचार आणि भरपाई, प्रकल्प संपल्यानंतरचे तीन महिने कार्यकर्त्यांचा पगार आणि गावात निष्कर्ष सांगण्याचा खर्च.

परदेशी भागीदार आला तर आरोग्य मंत्रालयाच्या तपासणी समितीची मंजुरी लागते आणि ती आयसीएमआरमार्फत मिळते. याला महिने लागतात. परदेशी निधी नियमन कायद्यातल्या २०२० च्या दुरुस्तीनंतर एका संस्थेने घेतलेला परदेशी निधी दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही, तेव्हा मोठी संस्था पैसे घेईल आणि आपल्याला वाटा देईल, या गृहीतकावर योजना आखू नका.

मोठ्या संस्थेबरोबर काम करायला घाबरू नका, पण करारात पाच गोष्टी आधी लिहून घ्या. नमुने कोणाच्या मालकीचे आणि उरलेल्यांचं काय, डेटाची पूर्ण प्रत तुमच्याकडे राहणार का, तुमचा एक माणूस विश्लेषण शिकायला त्यांच्याकडे किती महिने बसणार, निबंधाचं पहिलं नाव कोणाचं आणि नव्या प्रश्नासाठी तोच डेटा वापरायचा तर परवानगी कोणाची. तिसरी अट सोडू नका. नमुने गोळा करून पाठवणारं केंद्र दहा वर्षांनीही नमुनेच पाठवत राहतं.

छापणं आणि गावाला सांगणं

लेखक कोण, हे निबंध लिहायला घेण्याआधी ठरवा. विभागप्रमुख म्हणून कोणाचं नाव घालणं चुकीचं आहे. ज्याने काम आखलं किंवा विश्लेषण केलं, मसुद्यावर हात चालवला, अंतिम मजकूर मान्य केला आणि त्याची जबाबदारी घेतली, तोच लेखक. कार्यकर्त्यांची नावं त्यांच्या संमतीने आभारात घाला. बढतीच्या घाईत पैसे भरून आठवड्यात छापणाऱ्या नियतकालिकांकडे जाऊ नका, निवडलेलं नियतकालिक पबमेडमध्ये दिसतं का आणि त्याचे संपादक खरे आहेत का ते पाहा. काही सापडलं नाही, उपचाराने फरक पडला नाही, तरी छापा.

गावात निष्कर्ष सांगायचा तो निबंध छापून येण्याची वाट न पाहता, माहिती तपासून झाली की दोन महिन्यांच्या आत. ग्रामसभेत एक तास, आकडे मोजकेच: शंभर घरांतली किती. ज्यांच्या तपासणीत काही निघालं त्यांना ते आधीच एकट्यात सांगितलेलं असावं आणि उपचार सुरू झालेला असावा. कोणत्या पाड्यात काय निघालं हे जाहीरपणे सांगताना त्या पाड्याला नाव पडेल असं काही बोलू नका, सिकलसेल किंवा क्षयरोगाच्या बाबतीत मुलींची लग्नं अडतात. त्याच महिन्यात तालुका आरोग्य अधिकारी, जिल्हा आरोग्य अधिकारी आणि जिल्हा परिषदेच्या आरोग्य समितीला दोन पानी मराठी टिपण द्या. त्यात एकच मागणी असावी आणि तिचा खर्च लिहिलेला असावा. जिल्ह्याचा वार्षिक आरोग्य आराखडा खालून वर ज्या महिन्यांत जातो, त्याच्या आधी ते टिपण टेबलावर पोचायला हवं. त्या तारखा तालुका कार्यालयातून वर्षाच्या सुरुवातीलाच विचारून घ्या आणि अभ्यासाचं वेळापत्रक त्याप्रमाणे मागे मोजत आखा.